पक्षाघातात 'मेंदू वाचवणाऱ्या' इंजेक्शनांवर पैसा घालावा का?

सातरस्ता:
माझं मत सरळ आहे. पक्षाघाताच्या पेशंटच्या नातेवाइकांना सिटिकोलिनची, म्हणजे पेशी वाचवतं म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची, चिठ्ठी देऊन मेडिकलकडं पळवणं बंद व्हावं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इक्टस चाचणीत २२९८ पेशंट होते. औषध मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक पडला नाही. गुठळीनं रक्त अडलं की मेंदूच्या पेशीतली ऊर्जा काही मिनिटांत संपते. पेशीतले क्षार सांभाळणारा सोडियम-पोटॅशियमचा पंप थांबतो, ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. ही साखळी तोडणारी कितीतरी औषधं उंदरांत चालली, माणसांत पडली. वाचवतं ते रक्त पुन्हा सुरू करणं: झटका आल्यापासून साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, नाहीतर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत गुठळी ओढून काढणं. विड्या वळणाऱ्या बाईचे पैसे बाटल्यांवर जातात आणि सीटी स्कॅन मागं पडतो, याचा मला राग येतो.

करमाळेकर:
साडेचार तास शहरात बसून बोलायला ठीक आहेत ओ. आमच्या गावातून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर. वडील पहाटे उठले तेव्हा हात पडलेला होता, झटका कधी आला कुणाला माहीत? पोचेपर्यंत पेशी तग धरतील असं औषध आम्हालाच हवंय. चीनमध्ये एडाराव्होन-डेक्सबोर्निओल या पेशी वाचवणाऱ्या जोडऔषधाची चाचणी झाली, २०२१ ला छापून आली. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले ६७ टक्के, नुसत्या एडाराव्होनवर ५९. मग सगळंच फसवं कसं?

सातरस्ता:
त्या चाचणीत कोणतंच औषध न दिलेला गट नव्हता, हे बघा. आणि झोपेत आलेल्या झटक्यातही एमआरआय बघून काहींना गुठळीचं इंजेक्शन देता येतं, हे २०१८ पासून सिद्ध आहे. वडिलांच्या वेळी डॉक्टरांना ते विचारलं गेलं का?

लहान मुलांचा डॉक्टर:
मी दोघांशीही असहमत. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसवर ठेवलं, तर श्रीमंत देशांत मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही घटतात. म्हणजे मार लागल्यावरही पेशी वाचवता येतात, कल्पना खोटी नाही. पण तोच उपाय भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला (हेलिक्स, २०२१), तर थंड केलेल्यांतली ४२ टक्के दगावली, न केलेल्यांतली ३१. म्हणून करमाळेकर, चीनचे आकडे आपल्या पेशंटवर तसेच चिकटवू नका.

रातपाळीची सिस्टर:
औषधाचं भांडण चाललंय, वॉर्डात काय होतं ते सांगते. पेशंट आणला की घरचे आधी तोंडात पाणी नाहीतर चहा घालतात. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. मे महिन्यात ताप चढतो, साखर वाढलेली असते, आणि सगळे बाटलीकडं बघत बसतात. ऑस्ट्रेलियात ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टी नर्सनी ठरवून सांभाळल्या, २०११ ला ते छापून आलं. दगावलेले किंवा परावलंबी झालेले, असे मिळून पेशंट खरंच कमी झाले. थर्मामीटर आणि साखर तपासायची पट्टी प्रत्येक वॉर्डात असते की. ते कुणी मागत नाही.

करमाळेकर:
सिस्टर, पाण्याचं माहीत नव्हतं. आम्हीही पाणी पाजलं होतं. घरी सांगतो. पण सातरस्ता, तुमचं मला अजून पटलेलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रीसुद्धा सीटी आणि ते इंजेक्शन मिळू द्या, मग औषधाचा हट्ट मी सोडतो.