विषय: शाळेच्या बजेटमधून नर्स आणि सोशल वर्कर?

प्रेषक: न्यू जर्सी (मूळचे रविवार कारंजा)

सर्व नाशिककर मंडळींना सप्रेम नमस्कार.

आमच्या टाऊनशिपच्या शाळांचं बजेट पुढच्या आठवड्यात बोर्डापुढे येतंय. गणितात मागे पडलेल्या मुलांना शिकवणारे जादा शिक्षक कमी करायचं घाटतंय. समुपदेशक आणि सोशल वर्करच्या जागा मात्र तशाच ठेवल्यात. शाळांचा मोठा खर्च आमच्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालतो आणि न्यू जर्सीत ही वसुली वर्षाला साधारण २ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. म्हणजे एकीकडे दिलं की दुसरीकडे कात्री लागणारच.

माझ्या मते शाळेनं शिकवावं आणि दवाखाना दवाखान्यानं चालवावा. आपण शिकलो तेव्हा आपल्या शाळेत कुठे समुपदेशक होता? आजारपण, अडचण, सगळं घरचे बघायचे. सुनावणीत हेच बोलायचा विचार आहे. त्याआधी तुमचं ऐकायचंय, विशेषतः बाईंचं. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झालीय.

---

प्रेषक: फिलाडेल्फिया (मूळच्या नाशिकरोड)

दादा, नमस्कार.

मी इथे सरकारी शाळेत नर्स आहे, त्यामुळे गप्प बसवेना. १९०२ पर्यंत न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये डॉक्टर येत, मुलांना तपासत आणि खुपऱ्या, उवा, खरूज दिसली की पोराला घरी धाडत. घरी औषधपाणी होत नसे. पोर रस्त्यावर खेळे आणि आठवडेच्या आठवडे वर्गाबाहेर राही. मग गरीब वस्तीत घरोघरी नर्सेस पाठवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स ही आपल्याकडची नर्स प्रयोग म्हणून महिनाभर चार शाळांसाठी दिली. तिनं शाळेतच औषध लावलं, घरोघरी जाऊन आयांना समजावलं. गैरहजेरी झपाट्यानं घटली आणि शहरानं स्वतःच्या पैशानं आणखी नर्सेस नेमल्या. शाळेत नर्स आली ती मुलं वर्गात बसावीत म्हणून.

पैशाचं म्हणाल, तर सगळा भार प्रॉपर्टी टॅक्सवरच का? विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या शाळेतल्या उपचारांचा खर्च १९८८ पासून मेडिकेडकडे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडे, मागता येतो. २०१४ मध्ये केंद्रानं नियम सैल केला, तेव्हापासून राज्यानं ठरवलं तर मेडिकेडमधल्या इतर मुलांचाही मागता येतो. तुमचं बोर्ड त्यातलं किती मागतं, ते विचारा.

---

प्रेषक: नाशिक, गंगापूर रोड

सर्वांना अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं जे मला पटलं ते आधी सांगते. शिक्षकाला शिकवू द्या, यासाठी मी नोकरीभर भांडले. खिचडीचा हिशोब, जंताच्या गोळ्या, उंची-वजन, जनगणना, निवडणूक, सगळं आमच्याच माथी. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शाळेशाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत करायचं ठरलं. हेतू चांगला, पण माणूस पुन्हा तोच. तेव्हा गणिताचा शिक्षक काढून त्या पैशात दुसरं काही आणणार असतील तर मीही विरोधच करीन.

पण शाळेनं नुसतं शिकवावं, हे काही मला मान्य नाही. १९९५ ला पोषण आहार सुरू झाला तेव्हा आम्ही पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ वाटायचो. तो घरी जायचा आणि घरातल्या सगळ्यांत वाटला जायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या म्हणून सांगितलं, त्यानंतर शाळेत चूल पेटली. दुपारच्या सुट्टीनंतर निम्मा रिकामा होणारा वर्ग भरलेला राहू लागला. हे शिकवणं नव्हे म्हणून सोडून द्यायचं होतं का? २०२५ मध्येही पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य सोडून दिवसाला ६ रुपये ७८ पैसेच मिळत होते. त्यात डाळ, तेल, भाजी, मसाला सगळं बसवायचं.

आता आरोग्याचं. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्सबाई असं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. माणसं कष्टाळू आहेत. हृदयाला छिद्र असलेली पोरं या तपासणीत सापडतात आणि त्यांची शस्त्रक्रिया फुकट होते. तपासणीला पैसा आहे, शस्त्रक्रियेला आहे. मधल्या वाटेला नाही.

पेठ तालुक्यात माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगी होती. फळ्यावरचं लिहून घ्या म्हटलं की शेजारणीच्या वहीत बघायची. पुस्तक पार नाकाला लावून वाचायची. घरच्यांनी तिला ढ ठरवून टाकलं होतं. पथकानं भिंतीवर तक्ता लावला, तिला सहा मीटरवर उभं केलं, तर सगळ्यात वरची मोठी खूणही ओळखता येईना. नाशिकला डोळे दाखवा, अशी चिठ्ठी मिळाली. चष्माही फुकट मिळणार होता. पण पेठहून नाशिक म्हणजे घाटातून पन्नासच्या वर किलोमीटर. एसटीचं भाडं, आईची बुडणारी मजुरी, कडेवर धाकटं, आणि तिथे पोचल्यावर केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा तेही ठाऊक नाही. ती चिठ्ठी त्यांच्या घरी कुडाला खोचलेली मी पाहिलीय. दिवाळी झाली आणि बिऱ्हाड दिंडोरीकडे द्राक्षबागेत विरळणीच्या कामाला गेलं. आम्ही गाव सोडून जाणाऱ्या मुलांना देतात ते शिक्षण हमी पत्रक दिलं, तिथल्या शाळेनं मुलीला बसवून घेतलं. पत्रकात तिची इयत्ता होती, डोळ्यांबद्दल अक्षर नव्हतं. पुढच्या जूनमध्ये घरं परत आली, तेव्हा अंगणवाडीच्या मदतनीस आपला दिवस मोडून सोबत गेल्या, म्हणून चष्मा झाला. मग ती आपणहून फळ्यावरचं उतरवून घेऊ लागली. दरम्यान तिचं तिसरीचं वर्ष कोरडं गेलं होतं.

सुरगाणा-पेठकडे असंच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. हातपाय दुखतात म्हणून रडणारं पोर कामचुकार नसतं, त्याचं रक्त तपासायला हवं असतं. रक्त तपासलं तरी अहवाल आणायला आणि पुढची गोळी चालू ठेवायला कुणीतरी लागतंच. शहरातही वेगळं नाही. आई-बाप दोघेही अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर असतील तर दवाखाना हाकेच्या अंतरावर असून पोर घरीच झोपून राहतं.

नर्स वहिनींनी लिहिलेल्या न्यूयॉर्कमध्ये तेच झालं बघ. तपासून घरी पाठवणारे डॉक्टर तिथे आधीपासून होते. फरक पडला तो पोराच्या मागे त्याच्या घरापर्यंत जाणाऱ्या बाईमुळे.

म्हणून डॉक्टरांचे पगार, औषधं, शस्त्रक्रिया आरोग्य खात्यानं बघाव्यात. शाळेच्या पैशातून हा मधला माणूस ठेवावा. चार दिवस बाक रिकामा दिसला की घरी जाऊन विचारणारा, चिठ्ठी मिळालेल्या पोराला दवाखान्यात पोचवणारा, बिऱ्हाड हललं तर पुढच्या शाळेला कळवणारा. मास्तरावर हे काम टाकलं की गणित बुडतं, कुणावरच नाही टाकलं की पोर बुडतं. तुझ्या बजेटातली सोशल वर्करची जागा नेमकी हीच आहे रे. गणिताच्या शिक्षकासाठी जरूर भांड, पण या जागेवर बोट दाखवून भांडू नकोस.

---

प्रेषक: न्यू जर्सी

बाई, साष्टांग नमस्कार.

गणिताचे शिक्षक राहिलेच पाहिजेत, यावर मी ठाम आहे. सोशल वर्करची जागा कमी करा, असं मात्र आता म्हणणार नाही. मेडिकेडकडून किती वसूल होतं, हा प्रश्न बोर्डाला लेखी पाठवलाय. एक भीती उरतेच. विशेष मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात केंद्रानं जादा खर्चाचे ४० टक्के द्यायचं कबूल केलं होतं, तेवढे आजवर कधी दिले नाहीत. वरच्या पैशाच्या भरवशावर माणसं नेमायची आणि तो आटला की पुन्हा आमचा टॅक्स.

दुसरं म्हणजे, आपल्या इथल्या नाशिककर मंडळाकडून पेठकडच्या शाळेला मोठा टीव्ही द्यायची चर्चा चालू होती. त्याऐवजी काय करावं?

---

प्रेषक: नाशिक, गंगापूर रोड

अनेक आशीर्वाद.

तुझी भीती खरी आहे. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरात पोरांना आठवड्याला अंडं सुरू झालं. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे बंद केले आणि हवं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. अर्धा गाव मजुरीला बाहेर असतो, तिथे वर्गणी कोण देणार? म्हणून कायमची तरतूद हवी, तुझ्याकडेही आणि इथेही.

टीव्ही नको. मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, त्यामुळे त्याचे पैसे घ्यायला इथे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि गावातल्या शाळेकडे ती नसते. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत, शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात पाठवावेत. त्यातून तीनच खर्च करायचे: गाडीभाडं, सोबत जाणाऱ्या बाईचा रोज आणि आईची बुडालेली मजुरी. पथकानं किती चिठ्ठ्या दिल्या आणि किती पोरं दवाखान्यात पोचली, याची वही मी स्वतः ठेवीन. वर्षभराची वही घेऊन समितीची माणसं आणि मी जिल्हा परिषदेत जाऊ आणि तिच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या सेस फंडातून या कामाला तरतूद मागू.

समितीची बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. ज्यांना पाठवायचेत त्यांनी त्याआधी मला कळवा, म्हणजे ठराव त्याच दिवशी करून घेता येईल.