डोळे मिटायलाच हवेत असं नाही

एकांनी इथे सुचवलंय की व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माजी सैनिकांनी रोज डोळे मिटून ध्यानाला बसावं. हेतू चांगला आहे, पण ज्याने युद्ध जवळून पाहिलंय त्याला डोळे मिटले की नको तेच दिसायला लागतं, असं अनेकदा होतं. पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहून गेलेला आघात) असेल तर डोळे उघडे, पाठ भिंतीला, दार नजरेसमोर, अशी बैठक जास्त सोयीची.

श्वासाचंही सोपं ठेवावं. चार आकडे मोजत आत, सहा ते आठ मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. श्वास रोखून धरायची गरज नाही. काहींना त्यानेच घाबरं होतं. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची एकेक स्नायू आवळून सैल सोडायची पद्धत मला तर फौजी माणसासाठी अगदी योग्य वाटते, कारण त्यात करायला काहीतरी असतं, नुसतं बसणं नसतं.

आणि तलफ आली की तिच्याशी झटापट नको. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट तिला लाट म्हणत: चढते, टोकाला जाते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ ती छातीत, घशात, हातात कुठे जाणवतेय एवढंच पाहायचं.

फक्त एक. रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. तिथे श्वासबिस कामाचा नाही, आधी डॉक्टर.