'टँक' आपल्या टाक्यातून गेला की पोर्तुगालहून आला?

गडवाट: रविवारी हरिहर गडावर पाण्याच्या टाक्यापाशी बसलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, टँकवरून टाकं म्हणतात का?" म्हटलं, उलटं आहे रे! संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, मराठीत तीच टाकी. पंचवटीत माझ्या लहानपणी जात्याला टाकी लावून देणाऱ्या बाया दारावर यायच्या. टाकीने खोदलं ते टाकं. गुजरातीत टांकुं. इंग्रजांनी वखार घातली सुरतेला, शब्द तिथेच उचलला. यात वाद घालण्यासारखं काय आहे?

सावकाश: आहे ना. पोर्तुगीजांकडे 'तांके' हा शब्द घरचाच आहे. पाणी अडवणे, तुंबवणे या अर्थाच्या 'एस्तांकार'शी त्याचं नातं लावतात. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. त्या सफरीच्या रोजनिशीत देवळाबाहेरच्या घडीव दगडी तलावाला 'तांके' म्हटलंय. तेव्हा त्यांनी ना सुरत पाहिली होती, ना आपलं कोकण. मग टाकं त्यांच्या कानावर पडलं कुठे?

गडवाट: इंग्रजांना तर सुरतेत पडलं असेल!

सावकाश: असेल. पण हा 'असेल' फार कामाला लावताय.

कॅम्पवाली: देवळालीला तोफांचे आवाज रोज ऐकते, म्हणून विचारते. रणगाड्याला टँक का म्हणतात?

सावकाश: गुप्ततेसाठी. पहिलं महायुद्ध चालू होतं. ब्रिटनमध्ये ही यंत्रं बनत असताना बाहेर सुगावा लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनताहेत असं भासवलं, आणि तेच नाव चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ती पहिल्यांदा उतरली.

कॅम्पवाली: म्हणजे गडवाटदादांचं खरं असेल तर आपलं टाकं थेट फ्रान्समध्ये लढलं!

लेणीवेडा: दोघांनाही आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यात नेलं पाहिजे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात म्हटलंय, हे लेणं करवलं आणि या 'पोढी' करवल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कान्हेरीच्या लेखांतही हाच शब्द आहे. म्हणजे आपल्याच गावच्या दगडावर टाक्याला टाकं म्हटलेलं नाही.

गडवाट: हे लागलं हो. पण कोरीव लेखात एक शब्द आणि पाथरवटाच्या तोंडी दुसरा, असं नसतं का? आजही सरकारी कागदावर जलकुंभ असतो, माणसं टाकीच म्हणतात.

लेणीवेडा: असतं. पण पाथरवटाचं बोलणं कोणी कोरून ठेवलेलं नाही. आणि कोणीतरी अंकाई-टंकाईचं नाव पुढे करायच्या आत सांगतो, नुसता आवाज जुळला म्हणून तो किल्ला यात ओढू नका.

सावकाश: मला वाटतं दोन्ही शब्द आपापल्या घरी होते आणि इथे भेटले. पोर्तुगीजाला तांके ठाऊक होतं, गुजराती माणूस टांकुं म्हणाला, इंग्रजाला दोन्ही सारखेच ऐकू आले. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ च्या कोशातही दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

गडवाट: ही मांडवली झाली. १४९८ ला माझ्याकडे उत्तर नाही, कबूल. पण टाकीने खोदलं ते टाकं, ही व्युत्पत्ती मी सोडणार नाही. भाच्याला तेवढंच सांगेन. टँकचं त्याने मोठा होऊन तुमच्याशी भांडावं.