स्नायू, शीर, गॅप आणि ताण : दुखणे सांगताना नेमका शब्द कोणता?

गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा बंध, फाटले, ही गोष्ट मराठीत लिहिताना ‘गुडघ्याचा स्नायू फाटला’ असे म्हटलेले चालेल का, असा प्रश्न विचारला गेला आहे. आजच्या मराठीत ते चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्याने तसे लिहिले, त्याने नकळत या शब्दाच्या जुन्या अर्थावर बोट ठेवले आहे, म्हणून ‘स्नायू’ची हकीकत थोडी सविस्तर सांगते.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील शारीरस्थान या भागात शरीरातील पेशी ५०० आणि स्नायू ९०० सांगितले आहेत. तिथली पेशी म्हणजे मांसाचा वेगळा ओळखू येणारा भाग, म्हणजे आज आपण ज्याला स्नायू म्हणतो तो. आणि तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारा चिवट बंध. त्याच ठिकाणी नावेचा एक दृष्टान्त येतो. फळ्या जोडून केलेली नाव पुष्कळ बंधांनी नीट बांधलेली असली, की पाण्यात भार पेलते. त्याचप्रमाणे शरीरातले सांधे स्नायूंनी बांधलेले असतात, म्हणून माणूस भार सहन करू शकतो. फळ्या म्हणजे हाडे आणि त्यांना आवळून धरणारे दोर म्हणजे स्नायू, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की जुना अर्थ अस्थिबंध (लिगामेंट) आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) यांच्या किती जवळचा होता, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे शब्दांच्या जागा बदलल्या. मराठीत ‘स्नायू’ मांसाकडे सरकला आणि ‘पेशी’ हा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सजीवाच्या मूळ घटकाला दिला गेला, ज्याला हिंदीत कोशिका म्हणतात. हिंदीत आणि बंगालीत मात्र पेशी मांसाचीच राहिली, आणि ‘स्नायु’ हा शब्द मेंदूकडून संदेश नेणाऱ्या तंतूंसाठी रूढ झाला. एकाच शब्दाने बंध, मांस आणि चेतातंतू अशा तीन निरनिराळ्या गोष्टी दाखवाव्यात, हे विचित्र वाटेल. पण ग्रीक भाषेतही ‘न्यूरॉन’ या शब्दाचा आधीचा अर्थ कंडरा किंवा धनुष्याची तात असाच होता, आणि चेतातंतू हा अर्थ त्याला नंतर मिळाला. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला दोन्ही पांढरट दोऱ्याच दिसतात. नाव दिसण्यावरून पडले आणि कार्य कळल्यावर ते वाटले गेले, एवढाच याचा अर्थ.

हा भेद केवळ अभ्यासकांपुरता नाही. रुग्णांना घरी करायच्या व्यायामांची पत्रके मराठीत लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. एकदा हिंदीवरून केलेले एक पत्रक माझ्याकडे आले. त्यात ‘स्नायु-विकार’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला होता. मूळ मजकूर मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी होण्याविषयी होता. ते पत्रक वाचलेल्या एका गृहस्थांनी आपल्या पायांचे स्नायू कमजोर झाले आहेत, असा सरळ अर्थ घेतला आणि नेमाने पोटऱ्यांचे व्यायाम वाढवत नेले. तळपाय रोज उलटून पाहायचा असतो, हे त्यांच्या मनात आलेच नाही, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे आजार मांसाचा होता. अंगठ्याखाली झालेली जखम त्यांना दुखली नाही आणि म्हणून कळलीही नाही. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी नजरेला पडली. तेव्हापासून हिंदीतून आलेल्या मजकुरात ‘स्नायु’ दिसला, की मी प्रत्येक ठिकाणी थांबून मूळ अर्थ तपासते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. हाडाला हाड बांधणारा तो अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणारी ती कंडरा किंवा स्नायुरज्जू, आणि आखडून हालचाल घडवून आणणारा तो स्नायू. ‘स्नायुबंध’ हा शब्द मी टाळते, कारण तो कुणी अस्थिबंधासाठी वापरतो तर कुणी कंडरेसाठी. बोलताना लिगामेंट म्हणायलाही माझी हरकत नाही. लोकांच्या तोंडी तो शब्द पक्का बसला आहे आणि त्याचा अर्थ एकच होतो.

चेतातंतूला ‘मज्जातंतू’ही म्हणतात, त्या शब्दाबद्दलही विचारणा झाली आहे. आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी मज्जा हा सहावा धातू हाडाच्या आतला आहे, मग तो मेंदूच्या संस्थेला कसा चिकटला? मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मऊ दोर हाडातल्या मगजासारखा दिसतो, हे त्याचे कारण असावे. लॅटिनमध्येही मज्जारज्जूला मगज या अर्थाचाच शब्द आहे. रुळलेला शब्द उखडण्याची गरज नाही, पण ज्या लेखात अस्थिमज्जेचाही उल्लेख आहे तिथे तरी चेतातंतू आणि चेतासंस्था हेच शब्द वापरावेत.

‘शीर’ आणि ‘नस’ यांची अडचण निराळी आहे. बोलीत या दोन्ही शब्दांत रक्तवाहिनी, चेतातंतू, कंडरा, सगळेच सामावते. ‘हाताची शीर सापडत नाही’ म्हणणारी परिचारिका रक्तवाहिनीबद्दल बोलत असते, ‘कमरेत शीर दबली आहे’ म्हणणारा रुग्ण चेतातंतूबद्दल, आणि ‘शिरेवर शीर चढली’ म्हणणाऱ्याला बहुधा पोटरीत गोळा आलेला असतो, म्हणजे ते दुखणे स्नायूचे असते. रुग्णाला बोलताना अडवून शब्द दुरुस्त करणे मला पटत नाही. त्याऐवजी त्याने क्रियापद कोणते वापरले, हे ऐकावे. मुंग्या येतात, बधिर होते, वीज गेल्यासारखी कळ जाते, असे तो म्हणाला, तर शीर म्हणजे चेतातंतू, असा अंदाज बांधता येतो. तटतटते, फुगते, निळी दिसते, असे म्हणाला, तर रक्तवाहिनी. नाम संदिग्ध असले तरी मराठी क्रियापदे फार नेमकी आहेत आणि त्यांचा मला मनापासून अभिमान वाटतो. घोटा मुरगळतो, कमरेत लचक भरते, पाठीत उसण भरते, मान अवघडते, गुडघा आखडतो, पोटरीत पेटके येतात, पाय भरून येतात, खांदा ठणकतो, टाचेत सलते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. सांधा वेडावाकडा वळून अस्थिबंध दुखावणे आणि वजन उचलताना स्नायू किंवा कंडरा दुखावणे, हा जो फरक वैद्यकात महत्त्वाचा मानतात, त्यातला पहिला प्रकार ‘मुरगळणे’ जवळजवळ पुरता सांगते, तर दुसऱ्याकडे ‘उसण भरणे’ बोट दाखवते. ‘लचकणे’ मात्र दोन्हीकडे जाते, तेव्हा ते ऐकले की एक प्रश्न जास्त विचारावा.

आता ज्या शब्दाने मला सर्वांत अस्वस्थ केले आहे, त्या ‘गॅप’कडे येते. ‘मणक्यात गॅप आला आहे’ हे वाक्य इतके सर्रास झाले आहे की तो जणू आजाराचाच अधिकृत उल्लेख आहे. प्रत्यक्षात घडते ते बरोबर उलट. मणक्यांच्या मधल्या २३ गाद्यांपैकी एखादी झिजून तिची उंची घटली, की एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधले अंतर कमी दिसते. ‘गॅप कमी झाला आहे’ या वाक्यातले ‘कमी’ दवाखान्यातून घरी येईपर्यंत गळून पडते आणि गॅप तेवढा उरतो. एका काकूंनी फिजिओथेरपिस्टला अगदी काळजीने विचारलेले मी ऐकले आहे, “अहो, गॅप भरून यायला किती दिवस लागतील? मी वाकत नाही, उठत नाही, झोपूनच आहे, म्हणजे तो वाढू नये.” फिजिओथेरपिस्टने कागदावर दोन चौकोन आणि मध्ये एक चपटी गादी काढून दाखवली आणि म्हणाली, “काकू, इथे फट पडलेली नाही. ही गादी थोडी बसली आहे. तुम्ही चाललात, तर बरेच वाटेल.” ‘गादी बसली’ ही शब्दयोजना मला तेव्हापासून फार आवडते. वापरून वापरून दबलेली गादी कशी असते, हे सर्वांना ठाऊक असते, आणि फट पडल्याची भीती त्यात नाही.

‘गादी सरकली’ हाही तितकाच दिशाभूल करणारा प्रयोग आहे. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती ड्रॉवरसारखी सरकत नाही आणि म्हणून कुणी दाबून ‘जागेवर बसवण्या’चाही प्रश्न येत नाही. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर पडून आतला मऊ गर बाहेर येतो. ‘गादी फुगली’ किंवा ‘गादीतला गर बाहेर आला’ असे म्हटले, की पुढचे बरेच गैरसमज टळतात.

उपचारपद्धतींच्या नावांबद्दल थोडक्यात लिहिते. ‘भौतिकोपचार’ हा फिजिओथेरपीचा प्रतिशब्द बरा आहे, पण ‘भौतिक’ म्हटल्यावर आधी भौतिकशास्त्र आठवते, हा त्याचा दोष. ‘उपचार’ हा त्यातला भाग मात्र अतिशय सुरेख आहे. षोडशोपचारांतला उपचार म्हणजे सेवा, जवळ राहून केलेली शुश्रूषा. आणि ‘थेरपी’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचाही आधीचा अर्थ सेवा असाच आहे. ‘चिकित्सा’ मराठीत दोन घरांत राहते. शल्यचिकित्सक रोग्यावर शस्त्रक्रिया करतो, तर चिकित्सक वाचक मजकुराची छाननी करतो. म्हणून एकट्या ‘चिकित्सक’ या शब्दाने डॉक्टर सुचवू नये.

‘फिटनेस’साठी कुणी आरोग्य सुचवतात, कुणी तंदुरुस्ती. मी दुसऱ्या बाजूची आहे. आरोग्य म्हणजे रोगाचा अभाव, असे शब्दाची फोडच सांगते. तंदुरुस्ती म्हणजे देह दुरुस्त असणे, फारसी ‘तन’ आणि ‘दुरुस्त’ मिळून झालेला शब्द. ज्याच्या गुडघ्यांची झीज झाली आहे, पण जो नेमाने व्यायाम करून रोज तासभर चालू शकतो, तो निरोगी नसला तरी तंदुरुस्त आहे, हे या शब्दामुळे सांगता येते. ‘फिट’ हा शब्द लिखाणात तरी जपून वापरावा, कारण ‘फिट आहे’ आणि ‘फिट आली’ यांत सुदृढ माणूस आणि आकडी येणारा माणूस एवढे अंतर आहे. ‘दम’ही तसाच : ‘दम आहे’ म्हणजे क्षमता आहे, ‘दम लागतो’ म्हणजे ती अपुरी पडते.

शेवटी ‘ताण’. या शब्दाइतकी पत्रके मी दुसऱ्या कोणत्याही शब्दासाठी पुन्हा लिहिलेली नाहीत. स्नायूला ताण देणे हा व्यायाम आहे, स्नायूवर ताण येणे ही इजेची सुरुवात आहे, आणि ताण घेणे ही मनाची अवस्था आहे. विभक्ती आणि क्रियापद यांवर सारा अर्थ तोललेला असताना एकाच पानावर ‘मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण द्या’ आणि दोन ओळींखाली ‘ताण टाळा’ असे छापले, तर वाचणाऱ्याने काय करावे? शिवाय ‘आकुंचन’ आणि ‘प्रसरण’ हे शब्द कोणी सांध्यासाठी वापरतो, कोणी स्नायूसाठी. कोपर सरळ करताना दंडाच्या मागचा स्नायू आकुंचन पावत असतो. मग त्या हालचालीला प्रसरण म्हणायचे की आकुंचन? सांधा वाकवावा आणि सरळ करावा, स्नायू आवळावा आणि सैल सोडावा, अशी विभागणी मी पाळते. ‘ताण’ हा शब्द मी फक्त व्यायामासाठी ठेवते आणि इजेसाठी ‘दुखेल इतका जोर’ असे लिहिते. गुडघ्याच्या पत्रकातली पहिली सूचना पूर्वी ‘चतुःशिरस्क स्नायूचे समस्थितीय आकुंचन करावे’ अशी होती. आता ती अशी आहे : ‘पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबा, पाच अंक मोजा आणि मांडी सैल सोडा. गुडघ्याची वाटी किंचित वर सरकलेली दिसली, तर व्यायाम बरोबर होतो आहे.’