हुकूमशहाच्या आरत्या माणसं का ओवाळतात? (निमित्त : चाउशेस्कूचा रोमानिया)

उत्तररात्र :

२१ डिसेंबर १९८९, बुखारेस्ट. कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीच्या इमारतीच्या बाल्कनीत रोमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू उभा आहे. समोरच्या चौकात कारखान्या-कारखान्यांतून गोळा करून आणलेला जमाव आहे. लोकांच्या हातांत त्याच्याच तसबिरी आणि लाल फलक. त्याच आठवड्यात तिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि त्या निदर्शकांना गुंड ठरवून त्यांचा निषेध करायला ही सभा भरवली होती. भाषणाला काही मिनिटं होतात न होतात तोच गर्दीतून गलका उठतो. चाउशेस्कू बोलायचा थांबतो, उजवा हात वर करतो आणि फोनची लाइन गेल्यावर आपण करतो तसं ‘अलो, अलो’ करत राहतो. शेजारून त्याची बायको एलेना लोकांना गप्प करू बघते. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण तुटतं. भाषण पुन्हा सुरू होतं तेव्हा तो किमान पगारात २०० लेईंची (लेई हे तिथलं चलन) वाढ जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरमधून पळाला. २५ तारखेला त्रगोविश्तेच्या लष्करी तळावर त्याला आणि एलेनाला गोळ्या घातल्या.

जेमतेम महिन्यापूर्वी, नोव्हेंबरात, पक्षाच्या चौदाव्या अधिवेशनाने याच माणसाला एकमताने पुन्हा सरचिटणीस निवडलं होतं. सभागृह उठून उठून टाळ्या वाजवत होतं. एका महिन्यात एवढ्या मोठ्या देशाचं मन पालटलं? माझ्या मते ते पालटलं नाही. ते आधीपासून तसंच होतं, फक्त ते कुणालाच दुसऱ्याच्या ठिकाणी दिसत नव्हतं.

हा विषय निघाला की दोन उत्तरं हमखास येतात : लोक घाबरलेले असतात, किंवा लोक मेंढरं असतात. दुसरं उत्तर ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पहिलं अपुरं वाटतं. नुसती भीती असेल तर माणूस मान खाली घालून कामाला जाईल. व्यक्तिपूजेला गप्प माणूस चालत नाही, तिला घोषणा देणारा लागतो. पावावर रेशन, हिवाळ्यात घरं गारठलेली, दिव्याला ४० वॉटचा बल्ब, टीव्ही दिवसाकाठी दोन तास आणि त्यातही बराच वेळ हाच माणूस. अशा देशात त्याला ‘कार्पेथियनचा (म्हणजे तिथल्या डोंगररांगेचा) प्रतिभावंत’ म्हणायला लावायचं कशासाठी? ते कुणाला पटावं म्हणून नव्हेच. मला माझं मन माहीत असतं, शेजाऱ्याचं नाही. तो टाळ्या वाजवतोय म्हणजे तो मानतो, असं मी धरून चालतो. माझ्याकडे बघून तोही तेच धरून चालतो. हजारो माणसं एका चौकात उभी राहून ‘मी एकटाच’ असं समजत असतात.

राजवटीला हे नीट ठाऊक होतं. १९८३ च्या हुकमानुसार टाइपरायटर बाळगायचा तर मिलिशियाकडे, म्हणजे पोलिसांकडे, नोंद करावी लागे आणि त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे. प्रजेच्या प्रेमाची खात्री असलेला राजा टाइपरायटर मोजत बसत नाही. दर चौघांत एक सेकुरिताते या गुप्त पोलिसांचा खबऱ्या असतो, अशी लोकांत बोलवा होती. ती खरी असण्याची गरजच नव्हती, चौथा कोण याचा विचार करत माणसं गप्प राहत.

म्हणून माझं म्हणणं असं, की लोक हुकूमशहापुढे झुकत नाहीत, ते एकमेकांपुढे झुकतात. पटत नसेल तर जरूर खोडा.

गोदातीर :

असहमत. तुम्ही शेवटच्या दिवसापासून मागे बघताय, म्हणून सगळंच नाटक वाटतंय. सुरुवातीपासून पुढे या.

२१ ऑगस्ट १९६८. तोच चौक, तीच बाल्कनी, तोच माणूस. आदल्या रात्री वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गोटातल्या देशांच्या लष्करी युतीच्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या होत्या. रोमानियाने त्यात भाग घेतला नव्हता, आणि चाउशेस्कूने भर चौकात सोव्हिएत आक्रमणाचा जाहीर धिक्कार केला. त्या दिवशीचा जयजयकार मनापासूनचा होता. पॉल गोमा हा लेखक हंगेरीतल्या १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावानंतर तुरुंग भोगून आलेला होता, आणि तो त्या दिवसांत पक्षाचा सभासद झाला! पुढे १९७७ मध्ये हाच गोमा राजवटीविरुद्ध उभा राहिला, अटक झाली, देश सोडावा लागला. इतका कणखर माणूस ६८ साली भारावला, तो काय शेजाऱ्याकडे बघून?

बाहेरच्या जगानेही त्याला डोक्यावर घेतलं. १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला गेले, १९७८ मध्ये ब्रिटनच्या राणीने त्याला पाहुणा म्हणून राजवाड्यात उतरवलं. १९७४ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि हातात राजदंड घेऊन मिरवला, तेव्हा साल्वादोर दाली या चित्रकाराने त्याची खिल्ली उडवणारी अभिनंदनाची तार पाठवली. पक्षाच्या ‘स्कंतेया’ या वृत्तपत्राने ती गौरव म्हणून छापली. व्यक्तिपूजा शून्यातून उभी राहत नाही. आधी खऱ्या कृतज्ञतेचं भांडवल जमतं, हुकूमशहा त्याच्या व्याजावर वर्षानुवर्षं जगतो. आणि आधी जीव लावलेला असला की नंतर डोळ्यांदेखत वाटोळं होत असतानाही माणूस स्वतःशी कबूल करत नाही.

घटना समितीतलं डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण आठवा. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, राजकारणात ती अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असं त्यांनी बजावलं होतं. थोर माणसाच्याही पायावर आपलं स्वातंत्र्य वाहू नका, हा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा इशाराही त्याच भाषणात आहे. म्हणजे आधी वाहणं येतं. भीती आणि पहारे मागून येतात.

जुना पिंपळ :

दोघेही मनाबद्दलच बोलताय. पोटाचं काय? ८९ साली पक्षाचे सभासद ३८ लाखांच्या आसपास होते. बढती, चांगला फ्लॅट, परदेशी जायची परवानगी, सगळं पक्षाच्या वाटेने. चाउशेस्कूवर कविता लिहिणाऱ्यांची पुस्तकं निघायची. यात गूढ काही नाही. वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला काही ना काही राखायचं होतं.

अनुजा के :

या चर्चेत बायका कुठेच नाहीत, म्हणून लिहिते.

ऑक्टोबर १९६६ मध्ये हुकूम क्रमांक ७७० निघाला आणि गर्भपातावर जवळजवळ सरसकट बंदी आली. लोकसंख्या वाढवायची होती. ६६ साली देशात पावणेतीन लाखांच्या आसपास मुलं जन्मली, ६७ साली सव्वापाच लाखांच्या वर. वर्षभरात दुप्पट! प्रसूतिगृहात खाटा कमी पडल्या, पुढे शाळेत बाकं कमी पडली. पण त्यानंतर जन्मदर पुन्हा घसरत गेला. का? बायकांनी वाटा शोधल्या. चोरून, जिवावर उदार होऊन. संततिनियमनाची साधनं मिळत नव्हती. ऐंशीच्या दशकात कारखान्यांतून बायकांच्या तपासण्या व्हायच्या, दिवस गेलेत का ते बघायला. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या.

गोदातीर, तुम्ही म्हणता तो भारावलेला चौक १९६८ चा. हुकूम त्याच्या दोन वर्षं आधीचा. म्हणजे ज्या बाईने त्या चौकात मनापासून टाळ्या वाजवल्या असतील, तीच घरी येऊन त्याचा हुकूम मोडायला निघाली असेल. मग ती झुकली म्हणायची की नाही? मला वाटतं, ‘लोक झुकतात’ हे वाक्यच आपण फार सैल वापरतो. जिथे सगळ्यांच्या नजरा होत्या तिथे ती झुकली. जिथे सगळं तिच्या शरीरावर बेतलं तिथे तिने ऐकलं नाही, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. तिचा पुतळा कुठल्याही चौकात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोदातीर :

अनुजाताई, हा मुद्दा मनात राहील. पण यातून उत्तररात्र यांचं म्हणणं सिद्ध होत नाही. एकाच माणसाबद्दल अभिमान आणि त्याच्या हुकमाबद्दल चीड, दोन्ही खरं असू शकतं.

इसारकाठ :

मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. माझ्या एका रोमानियन सहकाऱ्याच्या आईशी याच विषयावर बोलणं झालं होतं, ते इथे सांगतो. २३ ऑगस्ट हा तेव्हाचा राष्ट्रीय दिन. त्याआधी शाळेच्या मुलांना स्टेडियममध्ये उन्हात तासन्‌तास उभं करत. प्रत्येकाच्या हातात रंगीत पुठ्ठे, शिट्टी वाजली की अमुक रंग वर. समोरून बघणाऱ्याला त्यातून चाउशेस्कूचं नाव उमटलेलं दिसे. या बाईंची रांग कुठल्यातरी एका अक्षराच्या काठावर होती, कुठल्या ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री घरी वडील रेडिओला कान लावून, आवाज अगदी बारीक करून ‘रेडिओ फ्री युरोप’ हे अमेरिकेच्या पैशावर चालणारं परदेशी केंद्र ऐकत बसायचे.

मी विचारलं, स्टेडियममध्ये हे सगळं खोटं आहे असं वाटायचं का? त्या म्हणाल्या, तहान लागायची, पाय दुखायचे, पण पुठ्ठे एकदम वर गेले की फार आनंद व्हायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून केलं म्हणून. त्याचं नाव होतं याच्याशी त्या आनंदाचा फारसा संबंध नव्हता.

माझ्या मते यात तुमच्या दोघांच्याही मांडणीत न बसणारं काहीतरी आहे. माणसाला एका लयीत हलायला आवडतं. हुकूमशहा त्या आवडीवर आपलं नाव लिहितो.

उत्तररात्र :

इसारकाठ, ही आठवण फार मोलाची आहे. त्या मुलीला पूर्ण नाव कधी दिसलंच नाही आणि पूर्ण नाव तिच्याशिवाय उमटतही नव्हतं.

जुना पिंपळ, पोटाचा मुद्दा मान्य, पण तो पुरत नाही. नोव्हेंबर १९७९ चं बारावं अधिवेशन बघा. कॉन्स्टन्टिन पर्वुलेस्कू, वय ८४, पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. हा म्हातारा उभा राहिला आणि त्याने सांगितलं, की हा माणूस देशाच्या आधी स्वतःचं बघतो, मी याच्या फेरनिवडीला मत देणार नाही. सभागृहाने काय केलं? आरडाओरडा करून त्याला गप्प केलं आणि चाउशेस्कूच्या फेरनिवडीच्या घोषणा सुरू केल्या. त्यातल्या एकालाही ‘मलाही हेच वाटतं’ म्हणवलं नाही. दुसरा आवाज उठला असता तर तिसऱ्याला वाट मिळाली असती. व्यक्तिपूजा तो दुसरा आवाज उठू देत नाही. पहिल्याला ती वेडा ठरवून मोकळी होते.

गोदातीर, १९६८ मी नाकारत नाही. पण ब्राशोव शहराचं काय करायचं? १५ नोव्हेंबर १९८७, स्थानिक निवडणुकीचा दिवस. ट्रकच्या कारखान्यातले कामगार पगारकपातीविरुद्ध मोर्चा घेऊन पक्षाच्या कचेरीत घुसले. गावात खायची मारामार, आणि आत निवडणुकीच्या मेजवानीची तयारी. त्यांनी चाउशेस्कूची तसबीर बाहेर काढून जाळली. हे ६८ च्या चौकातलेच कामगार, किंवा त्यांची मुलं. कृतज्ञतेचं व्याज केव्हाच संपलं होतं. पुढची दोन वर्षं त्याला कशाने तारलं? ब्राशोवमध्ये काय झालं हे बाकीच्या देशाला धड कळलं नाही, याने.

स्पष्टोक्ती :

पर्वुलेस्कूवरून आठवलं. डिसेंबर १९७५, आणीबाणी लागू, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी अटकेत राहून आजारी पडलेल्या जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी मांडवाला प्रार्थना करायला लावली, आणि मांडव उभा राहिला. कुणी त्यांना ओरडून खाली बसवलं नाही. पुढे बाईंना अटक झाली. बुखारेस्टचं सभागृह आणि कऱ्हाडचा मांडव यांत फरक काय? मांडवात बसलेल्यांची खुर्ची, फ्लॅट, बढती सगळंच्या सगळं एका पक्षाच्या हातात नव्हतं. त्यामुळे जुना पिंपळ यांचा मुद्दा इतका झटकून टाकू नका. आणि इथे ७७ साली गुप्त मतदान झालं, म्हणून एकमेकांचं मन एका दिवसात कळलं. रोमानियाला ती सोय नव्हती.

गोदातीर :

गुप्त मतदानाचा विषय काढलात ते बरं झालं. रोमानियात मे १९९० मध्ये तेही झालं. निवडून कोण आलं? इओन इलिएस्कू, ८५ टक्के मतांनी. हा कधीकाळी चाउशेस्कूच्याच केंद्रीय समितीचा चिटणीस होता. बुखारेस्टच्या घेन्चा दफनभूमीत चाउशेस्कूच्या थडग्यावर लोक अजून फुलं वाहतात. आता तिथे शिट्टी वाजवून रंगीत पुठ्ठे वर करायला लावणारा कुणी नाही. उत्तररात्र, तुमच्या मांडणीत ही फुलं कुठे बसतात?

उत्तररात्र :

फुलांचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. नव्वदीत कारखाने बंद पडले, माणसं देशोधडीला लागली. त्यांतल्या काहींना जुना फ्लॅट आणि जुनी नोकरी आठवते, ती आठवण एका चेहऱ्याला चिकटते. काहींचं ६८ साली जडलेलं प्रेम खरंच टिकलं असेल, तेवढं तुमचं बरोबर.

पण ८५ टक्क्यांना मी भक्ती म्हणणार नाही. इलिएस्कूच्या आघाडीने सत्ता हाती येताच पहिल्या काही दिवसांत काय केलं ते बघा. अन्नधान्याची निर्यात थांबवली, घरांना ऊब आणि वीज सोडली, आणि २६ डिसेंबरला, म्हणजे चाउशेस्कूला मारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, अनुजाताईंनी सांगितलेला हुकूम ७७० रद्द केला. लोकांनी मत दिलं ते याला. निवडणुकीच्या पुढच्याच महिन्यात, जून १९९० मध्ये, याच इलिएस्कूच्या हाकेवर खाणकामगार बुखारेस्टमध्ये येऊन विद्यार्थ्यांना झोडपून गेले. त्याबद्दल त्याला माझ्याकडून माफी नाही. पण त्याला कुणी प्रतिभावंत म्हटलं नाही, आणि १९९६ मध्ये त्याच रोमानियन लोकांनी त्याला मतदानाने घरी बसवलं.