आराखडा कोणी लिहायचा? पालक आणि तज्ज्ञांचे अनुभव

माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. पहिली तीन वर्षे त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे वर्षभरात त्याला काय शिकवायचे याची उद्दिष्टे, तयार होऊनच माझ्यासमोर येत असे आणि मी त्यावर निमूटपणे सही करत असे. चौथ्या वर्षी नव्या विशेष शिक्षिकेने कोरा कागद पुढे ठेवून विचारले, "घरी तुम्हाला सर्वांत जड काय जाते?" सकाळची रिक्षा, असे मी सांगितले, त्या वर्षीची पहिली तीन उद्दिष्टे तिच्याभोवतीच ठरली. ज्यांनी अशी सेवा मिळून घडवली, किंवा ती घडवताना ज्यांचे खटके उडाले, अशा पालकांनी आणि तज्ज्ञांनी आपले अनुभव लिहावेत.

वाचा-उपचार तज्ज्ञ
बोलू न शकणारी मुले जी चित्रकार्डे उचलून आपले म्हणणे सांगतात, त्या माझ्याकडच्या कार्डांवर सँडविच आणि कपकेक होते. एक मुलगी 'खायला हवे' हे कार्ड कधीच उचलत नसे आणि मी तिच्या नोंदीत 'प्रतिसाद नाही' असे लिहीत राहिले. पुढे तिच्या आजीने घरच्या भाकरीचा, ताटलीचा आणि पाण्याच्या तांब्याचा फोटो काढून आणला. त्याच आठवड्यात मुलीने तांब्या दाखवला. आता पहिली कार्डे घरूनच येतात. माझ्या जुन्या नोंदी वाचताना मात्र अजूनही संकोच वाटतो.

वडील, तालुक्याचे गाव
जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे) चांगले आहे, पण मंगळवारी अकराची वेळ म्हणजे आमचा एक दिवसाचा रोजगार बुडायचा. आम्ही सात पालकांनी मिळून आठवडी बाजाराचा वार मागून घेतला, कारण त्या दिवशी जिल्ह्याला जाणारी एसटी आणि जीप दोन्ही मिळतात. उपचार तेच आहेत. गैरहजेरी मात्र जवळपास थांबली.

शाळा व्यवस्थापन समितीतील आई
2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि 2012 च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश वंचित घटकांत झाला. तरीही समितीवर गेल्यावर पहिली दोन वर्षे माझे काम चहा-बिस्किटांपुरतेच होते. पायऱ्यांऐवजी उताराच्या वाटेचा (रॅम्पचा) प्रश्न मांडला, तेव्हा "एकाच मुलासाठी का?" असे विचारले गेले. त्यावर मुख्याध्यापकांनीच आपल्या दुखऱ्या गुडघ्यांचा दाखला दिला आणि ठराव झाला.

व्यवसायोपचार तज्ज्ञ (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी सराव करून घेणारे)
पालक म्हणतील तेच खरे, असेही मी मानत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेल्या एका मुलीच्या वडिलांना तिचे अक्षर सुवाच्य व्हायला हवे होते, तर परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ या सवलती असताना हाताला एवढे शिणवू नये, असे माझे मत होते. दोन बैठका वादातच गेल्या. अखेर तिने टंकलेखन शिकावे, असे ठरले. मात्र घरचा फोन नंबर तिला स्वतःच्या हाताने लिहिता यायला हवा, एवढे वडिलांनी मागून घेतले आणि ते मला पटले. सध्या दहापैकी सात आकडे ती लिहिते.