'मिनिमलिस्ट'ला मराठीत काय म्हणाल?

चरईकर: आमच्या वाचनगटात रविवारी सॅम्युएल बेकेटची ओळख करून द्यायचीय, आणि एकपानी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. 'मिनिमलिस्ट (म्हणजे कमीत कमी ऐवजात काम भागवणारा) नाटककार व कादंबरीकार' इथेच अडलोय. 'अल्पाक्षरी' लिहिलं, तर गटातल्या एक बाई म्हणाल्या, अल्पाक्षरी कविता असते, माणूस नव्हे. 'किमानवादी' सुचवू नका, त्याला किमान वेतनाचा वास येतो.

खाडीकाठ: मितभाषी?

ऐरोलीची मावशी: कसं चालेल? त्याची माणसं अखंड बडबडतात. 'हॅपी डेज' नाटकातली विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत, दुसऱ्यात गळ्यापर्यंत, तरी तोंड चालूच! कमी आहे ते बाकीचं सगळं.

नौपाडा जुना: अल्पाक्षरीलाही माझी हरकत. सूत्राची जुनी व्याख्या 'अल्पाक्षरमसंदिग्धम्' अशी सुरू होते. अक्षरं थोडी, पण संदेह नको. आणि हा गृहस्थ, 'वेटिंग फॉर गोदो' या त्याच्या नाटकात ज्याची वाट पाहतात तो गोदो कोण असं विचारल्यावर, माहीत असतं तर नाटकातच सांगितलं असतं म्हणणारा.

ऐरोलीची मावशी: मग 'आटीव' म्हणा. 1938 ची 'मर्फी' कादंबरी वाचा, शब्दांची नुसती आतषबाजी. मग इंग्रजी सोडून फ्रेंचमध्ये लिहायला लागला, का तर तिथे शैलीशिवाय लिहिणं सोपं जातं. आटवत आटवत 1969 च्या 'ब्रेथ'पर्यंत आला: रंगमंचावर कचरा, एक रडणं, एक श्वास आत, एक बाहेर, पुन्हा रडणं. अर्ध्या मिनिटात खेळ खलास.

खाडीकाठ: आटीव म्हटलं की बासुंदी आठवते हो.

चरईकर: विचार करतो. बाकी नाटकाचं नाव मी 'गोदोची प्रतीक्षा' केलंय, ते ठीक ना?

घोडबंदर८: प्रतीक्षा रेल्वेच्या यादीत असते. सरळ 'गोदोची वाट बघताना' लिहा.

नौपाडा जुना: वाट 'पाहतात'. तुकोबा 'पाहे रात्रंदिवस वाट तुझी' म्हणतात, 'बघे' नाही.

घोडबंदर८: काका, आमची साताऱ्याची आजी जन्मभर वाट बघत बसली. ती अशुद्ध होती का?

खाडीकाठ: मला तर हे 'वाटणे'वरून आलेलं दिसतं. येईलसं वाटतं, म्हणून वाट.

ऐरोलीची मावशी: नाही हो, वाट 'वर्त्मन्'वरून, प्राकृतात 'वट्ट'. म्हणजे रस्ताच. आणि नाटकात नेपथ्य काय? गावाकडचा रस्ता, एक झाड, संध्याकाळ. मराठीत रस्त्याशिवाय वाट पाहताच येत नाही. इंग्रजीला हे फुकट मिळालेलं नाही.

पडद्यामागचा: मावशी, छान आहे, पण नाटकातल्या त्या दोन मुख्य पात्रांपैकी रस्त्याकडे बघत कोण बसतं? एक बूट काढायला झटतो, दुसरा टोपीत डोकावतो. ते थांबलेत. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली उभा राहून मी फोनवर 'थांबलोय' म्हणतो. 'वाट बघतोय' म्हटलं की समोरच्याला टोमणा वाटतो. दोन्ही अंकांचा शेवट आठवा: जाऊ या म्हणतात, आणि जागचे हलत नाहीत. 'थांबणे'त दोन्ही आलं.

नौपाडा जुना: पाऊस थांबतो, गाडी थांबते. कुणासाठी थांबणं ही हिंदीची सवय.

पडद्यामागचा: माझी आई रात्री जेवायला बाबांसाठी थांबायची. तिला हिंदी येत नव्हतं.

चरईकर: मूळ फ्रेंच नाव मात्र 'वाट पाहता पाहता'च्या जवळ जातं. पहिला प्रयोग पॅरिसमध्ये, 5 जानेवारी 1953. इंग्रजी भाषांतर त्यानं स्वतःच केलं आणि त्यातला 'पाहता पाहता' गेला. मराठीत तो परत आणता येईल. पण 'मिनिमलिस्ट'चं काय करू? पत्रक उद्या छापायचंय.

घोडबंदर८: आहे तसाच ठेवा. आमच्या रस्त्यावर फ्लॅटच्या प्रत्येक जाहिरातीत असतो, लोकांना कळतो.

नौपाडा जुना: 1969 चं नोबेल मिळालेल्या माणसाला पांढऱ्या भिंती आणि बैठ्या सोफ्याचा शब्द? 'विरळ' लिहा त्यापेक्षा.

खाडीकाठ: विरळ म्हणजे केस.

ऐरोलीची मावशी: घोडबंदर, तुमची आजी 'बघत' बसायची की 'बगत'? माझं माहेर कराड, आमच्याकडे 'घ' ऐकूच यायचा नाही.

घोडबंदर८: 'बगत'च! पण चिठ्ठीत लिहिताना 'बघत' लिहायची.